मरणासन्न रुग्णाच्या नातेवाइकांशी बोलायला नव्या डॉक्टरांना कसं शिकवावं?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: सरकारी मेडिकल कॉलेजच्या मेडिसिन विभागात दरवर्षी नवे रेसिडेंट (पदव्युत्तर शिक्षण घेत वॉर्डात काम करणारे डॉक्टर) रुजू होतात. पहिल्याच आठवड्यात, रात्रीच्या ड्यूटीत, कुणाच्या तरी घरच्यांना 'आता आशा नाही' किंवा 'मृत्यू झाला' हे सांगायची पाळी त्यांच्यावर येते. कॉलेजने यावर लेक्चर ठेवलं, स्लाइड दाखवल्या, पण वॉर्डात फरक पडला नाही. मग शिकवायचं कसं?

लेक्चरने फरक पडणारच नव्हता. सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत टाकायची नळी) कुणी स्लाइड बघून शिकत नाही. आधी दुसऱ्याला टाकताना बघतो, मग सिनिअर शेजारी असताना टाकतो, मग एकटा टाकतो. नातेवाइकांशी बोलणंही याच क्रमाने शिकावं लागतं. आपल्याकडे मात्र लाइन टाकताना लेक्चरर शेजारी उभा असतो आणि मरणाची बातमी द्यायला सगळ्यात नवखा जेआर-१ (पहिल्या वर्षाचा रेसिडेंट), कधी कधी तर इंटर्न, एकटा पाठवला जातो: 'जा, रिलेटिव्हना सांगून ये आणि सही घे.' दुरुस्ती इथूनच सुरू करायला हवी. पहिल्या काही वेळी सिनिअर त्या खोलीत बसणार नसेल, तर बाकीच्या प्रशिक्षणावर वेळ घालवू नका. हे आधी युनिट हेडच्या गळी उतरवा.

आता येणारी मुलं अगदीच कोरी नसतात. २०१९ च्या बॅचपासून एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात एटकॉम (वृत्ती, नैतिकता आणि संवाद यांचा भाग) आलं, त्यात संवाद आणि मृत्यू हे विषय आहेत. २००० साली प्रसिद्ध झालेली 'स्पाइक्स' ही सहा पायऱ्यांची पद्धतही बहुतेकांनी पाठ केलेली असते: जागा नीट निवडा, समोरच्याला काय माहीत आहे ते विचारा, किती ऐकायचंय ते विचारा, मग सांगा, भावनेला जागा द्या, पुढचं ठरवा. पद्धत चांगली आहे. पण ती कॅन्सरच्या ओपीडीत, वेळ ठरवून आलेल्या रुग्णासाठी घडवलेली आहे. रात्री तीन वाजता आयसीयूच्या दारात चौदा माणसं उभी असताना तिच्यात काय बदलायचं, हे मुलांना कुणीच सांगितलेलं नसतं. शिकवायचं आहे ते हेच.

बातमी बिघडते ती आदल्या तीन दिवसांत

मृत्यूनंतर गोंधळ झाला की चर्चा शेवटच्या दहा मिनिटांची होते. खरी चूक बहुधा आधीची असते. पहिल्या दिवशी कुणी तरी 'चोवीस तास महत्त्वाचे आहेत' असं म्हणून गेलेलं असतं. डॉक्टरच्या मनात त्याचा अर्थ 'आज काहीही होऊ शकतं' असा असतो. घरचे घड्याळ लावून बसतात. पंचविसाव्या तासाला त्यांना वाटतं, सुटलो. तिसऱ्या दिवशी पेशंट दगावला की त्यांचा साधा प्रश्न असतो: 'चोवीस तास तर निघाले होते ना?' त्यामुळे हे वाक्य वॉर्डातून हद्दपार करा. तसंच 'फिफ्टी-फिफ्टी', 'प्रयत्न चालू आहेत' आणि 'रिस्पॉन्ड करत नाहीये' हेही. शेवटच्यातून घरच्यांना काहीच कळत नाही. 'प्रयत्न चालू आहेत' मधून मात्र त्यांना आशा कळते, आणि ती आपण दिलेली असते.

त्याऐवजी तीन ठरलेल्या गोष्टी करायच्या. राउंड संपल्यावर रोज एका ठरलेल्या वेळी बोलणं; दुपारी एक ते दोन ही वेळ बहुतेक युनिटला जमते. घरातली तीच दोन माणसं समोर. आणि शक्यतो डॉक्टरही तोच. तो ऑफ असेल तर दुसऱ्याने आदली नोंद वाचूनच जायचं. रोज सांगायचं ते एवढंच: कालपेक्षा आज कसं आहे, आज काय करणार, आणि मला कशाची भीती वाटते. हे तिसरं नवे डॉक्टर गाळतात. 'मला भीती वाटते की यातून ते वाचणार नाहीत' हे वाक्य मृत्यूच्या आधी एकदा तरी, स्पष्ट शब्दांत, योग्य माणसाच्या कानावर पडलेलं असलं पाहिजे. ते पडलं असेल तर शेवटच्या रात्रीचं काम अर्धं झालेलं असतं.

'मशीनवर ठेवलंय म्हणजे आधीच गेलेला आहे, बिलासाठी ठेवलाय' ही शंका खासगीतच नाही, सरकारीतही येते. तिच्यावर वाद घालायचा नाही. दोघांना आत न्यायचं, मॉनिटरवरचा हिरवा आकडा ठोक्यांचा आहे, हे नळीतून जाणारं औषध रक्तदाब धरून ठेवायला आहे, काल ते पाचवर होतं, आज वीसवर आहे आणि तरी दाब टिकत नाही, असं दाखवायचं. पंपावरचा आकडा वाढताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला मुलगा बाहेर जाऊन बाकीच्यांना आपणहून सांगतो.

खोलीत शिरण्याआधीची दोन मिनिटं

मृत्यू घोषित करण्यात घाई नको. कॅरोटिड (मानेतली नाडी), श्वास, हृदयाचे ठोके, बुबुळं, आणि ईसीजीची सपाट पट्टी काढून त्यावर वेळ लिहायची. मग केसपेपर हातात घेऊन नाव, वय, बेड नंबर जुळवायचा. शेजारच्या बेडच्या घरच्यांना बातमी दिल्याचे प्रकार घडतात, आणि नंतर कितीही माफी मागितली तरी ते भरून येत नाही. मेडिकोलीगल केस (विषबाधा, अपघात अशी पोलिसांकडे जाणारी) आहे का, ते बघायचं. शेवटच्या सहा तासांत काय घडलं ते तीन वाक्यांत मनात जुळवायचं. एप्रनवर रक्त असेल तर बदलायचा. ग्लोव्हज, मास्क काढायचे. फोन सायलेंटवर टाकून चालत नाही, खिशात थरथरला तरी नजर तिकडे जाते; तो सहकाऱ्याकडे देऊनच जायचं.

जागा? आपल्याकडे वेगळी काउन्सेलिंग रूम क्वचितच असते. ड्यूटी रूम, सिस्टरांची चेंजिंग रूम, स्टोअरला लागून असलेली खोली, काहीही चालेल. चार खुर्च्या, पाण्याची बाटली आणि बंद होणारं दार एवढं हवं. जिना आणि लिफ्टसमोरची जागा नको. डॉक्टरची खुर्ची दाराजवळ, म्हणजे गरज पडली तर बाहेर पडता येतं. सिस्टर सोबत हवीच. आत कोण येणार हे डॉक्टरने ठरवायचं नाही, विचारायचं: 'घरातले जवळचे कोण कोण आत येताय?' तिघं-चौघं पुरे. बाहेरची गर्दी वॉर्डातले मामा (वॉर्डबॉय) सांभाळतील.

इथे एक गोष्ट मुद्दाम शिकवावी लागते. पुढे येऊन बोलणारा बहुतेकदा मेहुणा, पुतण्या किंवा गावातला कार्यकर्ता असतो. बायको बाहेर बाकावर बसलेली असते, 'तिला नका सांगू, तिला सोसणार नाही' म्हणून. तिला आत बोलवायला सांगा. ती नको म्हणाली तर तिचा निर्णय. पण विचारायचं तिलाच. कार्यकर्त्याला बाहेर काढायला जाऊ नका, त्याला काम द्या: 'दादा, तुम्ही बाहेरच्यांना सांभाळाल का, दहा मिनिटं आम्हाला घरच्यांशी बोलू द्या.' बहुतेक वेळा तो खूश होऊन जातो.

पहिली तीन वाक्यं आणि त्यानंतरची शांतता

एवढा भाग अक्षरशः घोटून घ्यायचा. नाव आणि हुद्दा सांगणं. मग सूचना देणारं एक वाक्य: 'मला तुम्हाला एक वाईट बातमी सांगायची आहे.' मग बातमी: 'तुमच्या वडिलांचा मृत्यू झाला आहे. दहा मिनिटांपूर्वी.' त्याच्या आधी आजाराचा इतिहास, शुगर, क्रिएटिनिन, काही नाही. नवा डॉक्टर घाबरला की ॲडमिशनपासून सुरुवात करतो आणि घरचे त्या सगळ्या वेळात त्याच्या चेहऱ्याकडे बघत एकच गोष्ट शोधत असतात.

'गेले' हा शब्द नंतरच्या बोलण्यात चालेल, पहिल्या वाक्यात नको. हादरलेला माणूस 'कुठे नेलं?' असं विचारतो. 'आम्ही वाचवू शकलो नाही' नको, कारण बोलणं लगेच आपल्या प्रयत्नांवर येतं. नुसतं 'सॉरी' म्हणून थांबलं तर ते चुकीच्या कबुलीसारखं ऐकू येतं. 'मला फार वाईट वाटतंय' म्हणावं. पेशंटला 'पेशंट' किंवा 'बॉडी' म्हणायचं नाही. 'बाबा', 'आई', 'शंकरराव' असं घरचे ज्या नावाने बोलतात तेच. समोरच्याला काका, मावशी, दादा, ताई म्हणणं आपल्याकडे सहज आहे, पण वयाने बरोबरीच्या शिकलेल्या मुलीला 'ताई' आवडतंच असं नाही. 'तुम्ही' कधीच चुकत नाही.

मग गप्प बसायचं. घरच्यांपैकी कुणी बोलेपर्यंत. शिकवताना हातात घड्याळ धरा. बहुतेकांना चार-पाच सेकंदही जड जातात आणि ते व्हेंटिलेटरच्या सेटिंग सांगायला लागतात. किमान दहा सेकंद पूर्णपणे गप्प राहता येईपर्यंत सराव करून घ्या. शांततेत काय करायचं तेही सांगा: पाय जमिनीवर, हात मांडीवर, नजर समोरच्याकडे पण टक लावून नाही, केसपेपर बंद. पाण्याची बाटली लगेच पुढे करायची नाही. तो रडणं थांबवायचा मार्ग वाटतो.

रोल-प्ले कसा चालवायचा

सहा जणांची बॅच, दोन तास. बोलायला दहा मिनिटं, बाकी सगळा सराव. तिघांचे गट: एक डॉक्टर, एक नातेवाईक, एक बघणारा. सात मिनिटं प्रसंग, दहा मिनिटं चर्चा, मग डॉक्टर आणि बघणाऱ्याने भूमिका बदलायच्या. नातेवाइकाची भूमिका रेसिडेंटला देऊ नका, तो मित्राला सांभाळून घेतो. वॉर्डात वर्षं काढलेल्या सिस्टर ही भूमिका फार उत्तम करतात, कारण त्यांनी नातेवाइकांचे सगळे नमुने पाहिलेले असतात. समाजसेवा अधीक्षक, निवृत्त परिचारिका, गावातल्या हौशी नाटक मंडळातली माणसं, हेही चालतात. ज्यांच्या घरी नुकतं कुणी गेलं आहे अशांना मात्र या कामाला लावू नका.

एक प्रसंग जवळून बघू. शंकरराव, ५८ वर्षं, दारूमुळे लिव्हर खराब, रक्ताच्या उलट्या, तिसरा दिवस व्हेंटिलेटरवर, किडनी बंद पडत चाललेली. समोर मुलगा, वय ३०, आणि पत्नी. मृत्यू अजून झालेला नाही; होणार आहे.

डॉक्टर: 'बाबांच्या तब्येतीबद्दल तुम्हाला आतापर्यंत काय सांगितलंय? तुम्हाला काय समजलंय?'

मुलगा: 'लिव्हरला सूज आहे म्हणाले. सूज उतरली की मशीन काढणार.'

इथे नव्वद टक्के नवे डॉक्टर म्हणतात, 'नाही नाही, तसं नाही' आणि सिऱ्हॉसिस (लिव्हर घट्ट होऊन निकामी होणं) समजावायला लागतात. बघणाऱ्याने हेच टिपायचं. त्याऐवजी: 'म्हणजे मशीन निघेल अशी तुम्हाला आशा आहे. आम्हालाही ती होती. काल रात्रीपासून काय बदललंय ते सांगू का?' होकार आला की: 'लिव्हर जवळजवळ काम करत नाही. आता किडनीही थांबत आहेत. मला वाटतंय, बाबा यातून वाचणार नाहीत. एक-दोन दिवसांचा प्रश्न आहे, कदाचित कमीच.' गप्प.

सिस्टर, मुलाच्या भूमिकेत, उठून म्हणते: 'मग इथे कशाला ठेवलंय? मुंबईला नेतो!' डॉक्टर नेमका इथे बचावात जातो: 'न्या, आम्ही अडवत नाही, सही करा.' हे वाक्य म्हणजे दार लावणं. चालणारं उत्तर साधारण असं: 'तुम्हाला काहीही करून त्यांना वाचवायचंय, ते दिसतंय मला. मुंबईला नेल्याने लिव्हर परत येणार असतं तर मीच म्हटलं असतं, आत्ता निघा. प्रवासात, ॲम्ब्युलन्समध्येच त्यांचा जीव जाण्याची शक्यता जास्त आहे. तरी तुम्हाला दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायचं असेल तर रिपोर्टचे फोटो देतो.' मग पत्नी, इतका वेळ गप्प असलेली, विचारते: 'त्यांना त्रास होतोय का?' बऱ्याच रेसिडेंटना हा प्रश्न ऐकूच येत नाही, ते मुलाशी बोलत राहतात. खरं तर त्या खोलीतला तो सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न असतो आणि त्याला ठोस उत्तर आहे: झोपेचं आणि वेदनेचं कोणतं औषध चालू आहे, श्वास ओढताना दिसले तर काय वाढवणार, घशातला आवाज कशामुळे येतो.

चर्चेत आधी डॉक्टर झालेल्याने स्वतः सांगायचं की कुठे अडलं. मग नातेवाईक झालेल्याने, मग बघणाऱ्याने. बघणाऱ्याने 'छान बोललास' म्हणायचं नाही. ऐकलेलं वाक्य जसंच्या तसं वाचून दाखवायचं. शिकवणाऱ्याने एकच गोष्ट निवडायची आणि तेवढाच तुकडा परत करून घ्यायचा. पाच सूचना एकदम दिल्या तर एकही राहत नाही.

एवढे प्रसंग तरी बॅचभरात व्हायला हवेत: वरचा अपेक्षित मृत्यू, विषारी औषध प्यायलेला तरुण शेतकरी (पाचव्या दिवशी), बाइकच्या अपघातात ब्रेन डेड झालेला मुलगा, बाळंतपणात अति रक्तस्रावाने गेलेली बाई, ब्रॉट डेड (आणण्याआधीच मृत्यू झालेला), आणि रात्रीचा फोन. बाळंतिणीचा प्रसंग शेवटी ठेवा. तिथे राग सगळ्यात तीव्र असतो आणि तो रास्तही असू शकतो.

रात्रीचा फोन

घरचे वॉर्डाबाहेर नाहीत, मुलगा ८० किलोमीटरवरच्या गावात आहे, रात्रीचे दोन. नवा डॉक्टर 'लगेच या, सिरियस आहे' म्हणतो आणि ठेवतो. मुलगा मोटारसायकल काढतो. म्हणून क्रम असा: स्वतःचं नाव आणि वॉर्ड, 'मी कुणाशी बोलतोय?', 'तुम्ही गाडी चालवत नाही ना? जवळ कुणी आहे का?', मग सांगणं. मृत्यू झालेला नसेल तर 'तब्येत फार खालावली आहे, तुम्ही येईपर्यंत काय होईल सांगता येत नाही, घाई करू नका, दुसऱ्या कुणाला गाडी चालवायला सांगा.' झालेला असेल आणि त्याने थेट विचारलं, 'आहेत ना?', तर खोटं बोलायचं नाही. 'नाही. पंधरा मिनिटांपूर्वी त्यांचा मृत्यू झाला. मला फार वाईट वाटतंय.' फोनवर शांतता जास्त लांब वाटते. 'मी फोनवरच आहे' एवढं म्हणावं. शेवटी आल्यावर कुणाला भेटायचं आणि कुठल्या गेटने यायचं ते सांगावं. रात्री बंद गेटसमोर उभं राहावं लागलेला माणूस आत येतो तो चिडलेलाच. हा प्रसंग खरोखर दोन खोल्यांत, दोन मोबाइलवर करून घ्या. समोरासमोर केला तर त्यातलं काहीच शिकलं जात नाही.

कायद्याची बाजू किती सांगायची

नव्या डॉक्टरने निर्णय घ्यायचा नसतो, पण प्रश्न त्यालाच विचारला जातो: 'मशीन काढून टाका, हाल नकोत.' त्याला एवढं माहीत हवं. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी सन्मानाने मरण्याचा हक्क आणि आगाऊ वैद्यकीय इच्छापत्र (शेवटी कोणते उपचार नकोत ते आधीच लिहून ठेवणं) मान्य केलं. २४ जानेवारी २०२३ रोजी उपचार थांबवण्याची प्रक्रिया सोपी केली. आता प्राथमिक मंडळ रुग्णालयातच बनतं: उपचार करणारे डॉक्टर आणि किमान ५ वर्षं अनुभवाचे दोन तज्ज्ञ. दुय्यम मंडळात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेला एक डॉक्टर आणि दुसरे दोन तज्ज्ञ. प्रत्येक मंडळाने शक्यतो ४८ तासांत मत द्यायचं. इच्छापत्र नसेल तरी घरच्यांच्या संमतीने हा मार्ग आहे. रेसिडेंटचं उत्तर: 'तुमचं म्हणणं मी सरांपर्यंत आत्ताच पोचवतो. याची एक ठरलेली पद्धत आहे, उद्या सकाळी ते स्वतः तुमच्याशी बोलतील.' 'तसं आपल्याकडे चालत नाही' हे उत्तर चुकीचं आहे आणि अजूनही सर्रास ऐकू येतं.

त्याच्या ऐवजी घडतं काय, तर घरचे सही करून पेशंट घरी नेतात. शेवटचा श्वास घरात घ्यावा ही इच्छा आपल्याकडे खोल आहे आणि तिला नाव ठेवायचं कारण नाही. पण केसपेपरवर 'सल्ल्याविरुद्ध' लिहून हात झटकायचे नाहीत. वेदनेचं औषध, ऑक्सिजन, वाटेत जीव गेला तर काय करायचं, हे सांगूनच निरोप द्यायचा. आणि एक अगदी व्यवहाराची गोष्ट: घरी मृत्यू झाला तर दाखला कोण देणार? गावातल्या नोंदणीकृत डॉक्टरला आधीच कल्पना देऊन ठेवायला सांगा, सोबत सविस्तर डिस्चार्ज कार्ड द्या. नाही तर रात्री स्मशानात कागदासाठी धावाधाव होते. मेडिकोलीगल केस असेल तर पोलिसांना कळवल्याशिवाय सोडायचं नाही, आणि घरी मृत्यू झाला तरी पोस्टमॉर्टेम चुकणार नाही, हे स्पष्ट सांगायचं.

पोस्टमॉर्टेमचं तसंच. विषबाधा, भाजणं, अपघात यांत ते घरच्यांच्या परवानगीवर नसतं, म्हणून 'तुमची हरकत नाही ना?' असं विचारायचंच नाही. 'कायद्याने करावं लागतं. पोलीस पंचनामा करतील, मग होईल. किती वेळ लागेल ते मी विचारून सांगतो.' आणि खरंच विचारून सांगायचं.

ब्रेन डेथमध्ये दोन तपासण्यांत किमान ६ तासांचं अंतर असतं. पहिल्या तपासणीच्या आधीच घरच्यांना सांगा की तपासणी कशाची आहे. 'मेंदू मेला, पण मशीनवर जिवंत आहेत' असं कुणी म्हणालं की पुढचे दोन दिवस ते वाक्य पुसण्यात जातात. अवयवदानाचा विषय त्याच बैठकीत, त्याच डॉक्टरने काढायचा नाही. मृत्यू समजल्यानंतर, थोड्या वेळाने, ट्रान्सप्लांट कोऑर्डिनेटरने काढावा.

शेवटच्या तासात आणि नंतर

आडनावावरून धर्म आणि धर्मावरून विधी ओळखू नका. विचारा: 'अशा वेळी तुमच्याकडे काही करायचं असतं का?' गंगाजल आणि तुळशीचं पान, यासीनचं पठण, त्रिशरण-पंचशील, पाद्रींची प्रार्थना, यातलं काहीही दोघांना आत सोडून, दहा मिनिटांत, कुणालाही अडचण न होता होतं. फक्त ते मृत्यूच्या आधी व्हायला हवं, म्हणजे वेळ जवळ आल्याचं आधी सांगायला हवं. पाणी ओठ ओले करण्यापुरतं, घशात नाही.

मृत्यूनंतर घरच्यांनी बघण्याआधी नळ्या, सलाईन काढून चेहरा पुसलेला असावा. मेडिकोलीगल केसमध्ये नळ्या काढायच्या नाहीत, आणि त्या का दिसतायत हे चादर बाजूला करण्याआधी सांगायचं. मंगळसूत्र, अंगठ्या यांची यादी करून सिस्टरसमोर, सही घेऊन द्यायच्या. पेसमेकर असेल तर दहनाआधी काढावा लागतो, नाही तर चितेत फुटतो. मृत्यूच्या दाखल्यावरचं नाव आधार कार्डाशी अक्षर न् अक्षर जुळवायचं. वेलांटीच्या फरकावरून विमा आणि बँकेत सहा-सहा महिने खेटे घालावे लागतात. कारणाच्या रकान्यात 'कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट' एवढंच लिहायचं नाही.

बिलाचं बोलणं त्या खोलीत नाही, त्या डॉक्टरने नाही. बिलासाठी मृतदेह अडवून ठेवता येत नाही, हे रेसिडेंटलाही ठाऊक असावं.

राग

आवाज चढला म्हणजे हल्ला होणारच असं नाही. नवे डॉक्टर या दोन्हींत गल्लत करतात आणि ओरडणाऱ्या भावाला सिक्युरिटी बोलावतात, तिथून पेटतं. बसलेला माणूस ओरडतोय तोवर आपणही बसून राहायचं, आवाज त्याच्यापेक्षा खाली ठेवायचा, आणि 'तुमचा राग मला समजतोय' म्हणण्यापेक्षा त्याचा मुद्दा त्यालाच सांगायचा: 'तुमचं म्हणणं, दुपारी श्वास वाढला तेव्हा डॉक्टर यायला उशीर झाला. बरोबर? मी नोंद बघून सांगतो.' बघून सांगायचं म्हणजे बघून सांगायचं. जागच्या जागी सहकाऱ्याचा बचावही नको आणि त्याच्यावर ढकलणंही नको. माणसं उभी राहून घेरा करू लागली, दार अडवलं, मोबाइलवर शूटिंग करत आणखी लोकांना बोलावलं, की बोलणं संपवून बाहेर पडायचं. महाराष्ट्रात २०१० च्या कायद्याने डॉक्टरांवरचा हल्ला अजामीनपात्र गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पण हे नातेवाइकांना ऐकवण्यासाठी नाही. ऐकवलं की ती धमकी होते.

मराठी न येणारे रेसिडेंट

पीजीच्या (पदव्युत्तर) सरकारी जागांपैकी निम्म्या अखिल भारतीय कोट्यातून भरतात. त्यामुळे बातमी देणारा केरळचा किंवा राजस्थानचा आणि ऐकणारी आजी मेळघाटातली किंवा गंगाखेडची, हे रोजचं आहे. त्यांना मराठीतली दहा-बारा वाक्यं, वर दिलेली, उच्चारासकट पाठ करून घ्या. बाकीचं सिस्टरच्या मदतीने. दुभाषा म्हणून पेशंटच्या शाळकरी नातवाला कधीही वापरू नका. सिस्टरलाही आधी बाहेर सांगा की काय सांगणार आहोत. नाही तर ती दयेपोटी 'वाचणार नाहीत' चं 'जरा नाजूक आहे' करून टाकते.

नोंद आणि मोजमाप

'पुअर प्रॉग्नोसिस एक्स्प्लेन्ड टू रिलेटिव्ह्ज' (बरं होण्याची आशा कमी असल्याचं नातेवाइकांना सांगितलं) आणि खाली अंगठा, ही नोंद कोर्टातही उपयोगाची नाही आणि दुसऱ्या दिवशीच्या डॉक्टरलाही नाही. वेळ, कोण हजर होतं आणि नातं काय, काय सांगितलं, त्यांनी स्वतःच्या शब्दांत काय समजलं म्हटलं, काय विचारलं, काय ठरलं, एवढं पाच-सहा ओळींत. सही घ्यायचा मजकूर मराठीत आणि वाचून दाखवलेला.

वर्षाचा आराखडा: रुजू झाल्यावर पहिल्या पंधरवड्यात दोन तासांचं एक सत्र, मग वॉर्डात तीन वेळा बघणं, तीन वेळा सिनिअरसमोर बोलणं, लॉगबुकात सही झाल्यावरच एकट्याने, सहा महिन्यांनी पुन्हा एक सत्र. प्रत्येक बोलण्यानंतर सिनिअरने पाच मिनिटं, बहुधा चहाच्या टपरीवरच, विचारायचं: कुठे अडलं? त्याच वेळी त्या मुलाची अवस्थाही कळते.

केवळ कार्यशाळांवर भिस्त ठेवू नका, याला पुरावा आहे. २०१३ मध्ये 'जामा' या नियतकालिकात आलेल्या अमेरिकेतल्या चाचणीत रोल-प्लेची आठ सत्रं घेऊनही रुग्णांनी आणि घरच्यांनी दिलेले गुण सुधारले नाहीत. उलट २००७ ची फ्रान्समधली २२ आयसीयूंची चाचणी बघा. तिथे घरच्यांबरोबरची बैठकच ठरलेल्या पद्धतीने घेतली, त्यांना जास्त वेळ बोलू दिलं आणि शोकाविषयीची पुस्तिका हातात दिली. तीन महिन्यांनी घरच्यांमधलं नैराश्य आणि आघाताची लक्षणं कमी आढळली. म्हणून मोजायचं ते रेसिडेंटचा आत्मविश्वास नाही. तो कुठल्याही सत्रानंतर वाढतोच. बैठकीत घरचे किती मिनिटं बोलले ते मोजा. आणि घरच्यांना विचारा. समाजसेवा अधीक्षकाने साधारण दीड महिन्याने, तेराव्याची गडबड उरकून घर शांत झाल्यावर, फोन करावा. प्रश्न तीनच: आधी कल्पना मिळाली होती का, सांगितलेलं समजलं होतं का, काही विचारायचं राहिलं का. तिसऱ्या प्रश्नाची उत्तरं नावं वगळून लिहून घ्या आणि महिन्याच्या मृत्यू-आढावा बैठकीत, आकड्यांच्या आधी वाचा.